डबडेरावचं डोस्कं

उचगाव
१८ जून २००६

दीप्ती,

जय भीम. वर 'चि.' लिवावं का नगं ह्यावर अर्धा तास गेला. आक्का म्हणली, "पोरगी पंचवीस वर्साची झाली, मुंबईत शिरेली लिवती, तिला कसलं चि. घालतोस?" म्हणून न्हाई घातलं. साडेबारा वर्सात पयलं पत्र, पयल्याच अक्षराला चूक नगं.

पण मी गोड बोलाय लिवत न्हाय. भांडाय लिवतोय.

काल आपल्या दारात पांढरी गाडी येऊन थांबली. आतनं चष्म्याचा एक पोरगा उतरला. "काका, मी अनेकांत. महावीरशेठचा धाकटा." महावीरशेठचं नाव काढल्यावर मी त्येला हुबा कसा ठेवीन? स्टीलचं दुकान इकून शिरेल काढणारा ह्या कोल्हापुरात त्यो एकच माणूस झाला. चहा झाला, वरनं चिवडा झाला, शेठच्या आठवणी झाल्या. मग पोरगं हळूच म्हणतंय, "काका, आम्ही 'नक्षत्र नाका' परत काढतोय. पण आता सिरीयस."

मला हासूच आलं. मी म्हणलं, "गड्या, नक्षत्र नाका म्हंजे काय? चंद्राच्या आन मंगळाच्या मधी जकात नाका. शनीचा पावणा गळ्यात कडी घालून आला की पत्र्याचा रोबो डबडेराव, म्हंजे आत मी, त्येला आडवणार, कडी काट्यावर टाकणार आन वरडणार, 'पावती दाखवा, पावणं!' पावण्याकडं पावती नसणार, मग पळापळ, मग पडापड. सव्वीस रव्वार सगळं गाव त्यावर हासलं. त्यात सिरीयस काय करणार? जकातीवर रडणार?"

त्यो म्हणला, "आता लढाई होऊन गेली आहे, काका. दोन ग्रह उठलेत. लोक पोराबाळांसकट नाक्यावर अडकलेत आणि डबडेराव त्यांना सोडत नाही. लेखिकेला जुनाच सूट पाहिजे, नवा नको."

लेखिका कोण म्हणून इच्यारलं तर कागद म्होरं केला. लेखन : दीप्ती मीना. मी कागद उलटा करून बगितला, मागं कायबी नव्हतं. बापाचं नाव कुटं सांडलं, बाई? आईचं लावलंस त्येचा राग न्हाय. मीनाचं नाव टीव्हीवर यील ह्येचं बरंच वाटलं. पण दोन्ही लावलं असतं तर काय शाई संपत हुती का?

तर ऐक. सूट मी देणार न्हाय. त्यो कुणी शिवलेला न्हाय, मी घडिवलाय. चोवीस गेजचा पत्रा, एकशेऐंशी रिवेटा, गुडघ्याला लुनाचं मडगार्ड कापून लावलेलं. शटर करणाऱ्या माणसानं माणूस घडिवला, असं महावीरशेठ चारचौघात म्हणायचं. डोस्कं तेवढं अवघड झालतं. ते खांद्यावर ठिऊन भायेरनं चार बोल्ट आवळाय लागायचं. आतल्या माणसाला ते काढता येत न्हाय, माजा भागीदार आकाराम पाना घिऊन आला की सुटका. तवर आत घामानं आंघुळ. ते सगळं मी लोकांना हासवाय सोसलं, रडवाय न्हाय.

आन एक. तुजी आई गेली त्या दिशी तू स्टुडिओत मला बोलवाय आलतीस, आन मी आतनं तुला डबडेरावचं वाक्य टाकलं, ते तुज्या डोक्यातनं जात न्हाय, मला ठावं हाय. पण त्या डोस्क्यात माणूस बैरा हुतो. आतनं इस्पंज, भायेरचं बोलणं हिरीच्या तळातनं आल्यागत. बगायला जाळी गळ्यापाशी, म्होरच्या पोरीची नुसती रिबिनच दिसायची. त्यात त्या दिशी साळंची चाळीस पोरं शूटिंग बगाय आलती, सगळ्यांचा निळाच कपडा. मला काय ऐकू आलं न्हवतं. आक्काला हे धा वेळा सांगितलंय. आता त्यावर आणि काय लिवत न्हाय.

बाबासो

०

मुंबई
३ जुलै २००६

श्री. बाबासो यांस,

तुमचा नकार अनेकांतकडून आणि पत्रातून, दोन्हीकडून कळला. सूट तुमचा आहे. न दिल्यास आम्ही फायबरचा करून घेऊ. तो पत्र्यासारखा वाजणार नाही, पण काम भागेल.

मला तुमच्या कामाची टिंगल करायची नाही. लहानपणी त्या वाक्याला आख्ख्या गल्लीत मी सगळ्यात मोठ्याने हसायचे. नंतरची बारा वर्षं ते वाक्य कुणी सहज जरी म्हटलं तरी मी खोलीबाहेर जाते. कॉलेजात मुलं मुद्दाम म्हणायची. एकाच वाक्यात इतकं सगळं कसं मावतं, ते मला लिहून बघायचं आहे. बाकी मालिका सिरीयस का, याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

पत्र पाठवू नका असं मी म्हणत नाही.

दीप्ती

०

उचगाव
३ सप्टेंबर २००६

दीप्ती,

तुजं पत्र खिशात घालून कागलला कामावर जातोय दोन म्हयनं झालं. घामानं शाई पसरली. तवा आता पिशवीत घातलंय.

मी ठरीवलंतं तुजी शिरेल बगायची न्हाई. पण आपली शेजारीण झुंबरबाई तुला म्हाईतच हाय. पयल्या शनवारी आठाला धा मिन्टं कमी असताना बाई आपली खुर्ची घिऊनच घरात. "बाबासो, टीव्ही लाव की! दीप्तीची शिरेल हाय, का तुज्या घरात लाईट न्हाई?" मागनं तिची सून, सुनंची पोरं, समोरचा गिरणीवाला. घर भरलं. आता लोकांना काय सांगू, की पोरीची आन माजी बोली न्हाय?

लागलं. वाजाप नव्हतं. आदी कसं तुताऱ्या वाजायच्या! हितं नुस्ता वारा. नाका तोच, पाटी तीच, पण पाटीचं एक अक्षार पडलेलं. आन रांग. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, एकाच्या डोक्यावर शिवणाची मिशीन. झुंबरबाईची नातवंडं हासायला टपून बसलीती. "आता डबडेराव येतोय बग," एक दुसऱ्याला कोपर मारतंय. डबडेराव काय आला न्हाई. दाराआडनं नुस्ता आवाज आला, माजाच, जुन्या टेपवरचा. "पावती दाखवा, पावणं!"

पोरं हासली. एकदाच. मग रांगेतल्या त्या मिशीनवाल्यानं खिसं चाचपलं, पिशवी उलटी केली, बायकोच्या तोंडाकडं बगितलं आन मिशीन खाली ठिऊन तिच्यावरच बसला. झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. तिचा माहेरचा गाव धरणात गेलाय, तवा त्येंनी बी असंच कागद मागितलं हुतं म्हणं. हे ती चाळीस वर्सात पयल्यांदा बोलली, माज्या घरात, जायरात लागल्यावर.

मला राग आला, लपवत न्हाय. मी सव्वीस आठवडं घाम गाळून जे हासू गोळा केलं, ते तू एका शनवारी पुसून टाकलंस. दुसऱ्या दिशी कारखान्यात पोरं म्हणली, "काका, तुमच्या पोरीनं तुमाला पार पिच्चरातला इलन केलं की!" मी म्हणलं, कामं करा.

पण दुसरा भाग बगितला. तिसरा बी बगितला. काल झुंबरबाई गावाला गेलीया, घरात कुणी न्हवतं, तरी बरोबर आठाला टीव्ही लावला. आता तुला खरं सांगतो. माज्या तोंडातनं ते वाक्य शंभरदा गेलं असंल, पण म्होरचा माणूस खिसं चाचपताना कसा दिसतो ते मी कवाच बगितलं न्हवतं. माजी जाळी गळ्यापाशी हुती म्हणून न्हवं. बगायचं कामच न्हवतं माजं. पावणा पडला की लोक हासणार, एवढंच मला ठावं.

सूट अजून देत न्हाय. पण काल फळीवरनं काढून पुसला. डाव्या पायाला गंज हाय.

जेवान वेळेवर करत जा.

बाबासो

०

उचगाव
१५ ऑक्टोबर २००६

दीप्ती, बाळ,

आक्का नागपूरला गेलीया, दीक्षाभूमीवर, पन्नास वर्सं झाली म्हणून. मला बी चल म्हणत हुती. मी म्हणलं, माज्या हातात दुसरं वाचाय हाय.

अनेकांत परवा येऊन नवव्या भागाचा कागद दिऊन गेला. म्हणला, "काका, सूट देऊ नका, पण हे वाचा. ती तुम्हाला दाखवू नको म्हणाली होती, मी दाखवतोय." भलं पोरगं हाय, बापागत. त्येला रागवू नगंस.

तीनदा वाचलं. पयल्यांदा उंबऱ्यावर बसून, दुसऱ्यांदा आत दार लावून, तिसऱ्यांदा मीनाच्या फोटोम्होरं मोठ्यानं.

त्यात ती तारा नावाची पोरगी पळत नाक्यावर येती. "माझ्या आईला पलीकडे नेलंय. तिनं बोलावलंय. मला आत सोडा." आन डबडेराव म्हणतो, "पावती दाखवा, पावणं." रांगेतली माणसं हासत्यात. पोरगी माघारी जाती. मग लई वर्सांनी ती मोठी हून परत येती, मिस्त्रीण झालेली. बंद पडलेल्या डबडेरावचं डोस्कं उघडती, आन आत बगती तर त्येच्या कानाच्या तारा पयल्यापासनंच तुटलेल्या. त्येला कवाच काय ऐकू आलेलं न्हाई. त्येला एकच वाक्य येत हुतं, ते त्यो बोलत हुता. मग ती त्येच्या पत्र्याला डोस्कं टेकती आन म्हणती, "तुला माहीतच नव्हतं रे."

बाळ, हितं मी वाचायचं थांबलो.

तू माज्यावर एवढं चांगलं लिवशील आसं मला वाटलं न्हवतं. मी आपला वाट बगत हुतो की कवा तरी तू मला शिव्या दिशील, चारचौघात दिशील, आन मी त्या मुकाट खाईन. तर तू हे लिवलंस. आपल्या घरात हे सिरीयस-बिरीयस कुणाकडनं आलं म्हणतीस, मीनाकडनंच. ती बी भांडाण झालं की वरडायची न्हाई. गप बसून दुसऱ्याची बाजू शोधायची.

सूट घिऊन जा. आजच घिऊन जा. गंज काढतोय, सुटलेल्या रिवेटा मारतोय. तुमाला अजून चाकं, हात, काय लागंल ते सांगा. आकाराम तीन वर्सामागं वारला, पण त्येचा पाना हाय माज्याकडं.

तुजा
आबा

०

मुंबई
१ नोव्हेंबर २००६

आबा,

अनेकांतवर रागावले नाही. थोडीशीच.

तुम्हाला ऐकू आलं नव्हतं, हे आक्काआत्याने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मी तिला खोटारडी म्हणाले आणि दोन दिवस जेवले नाही. मला तुमचा चेहरा आठवायचा नाही, फक्त ते पत्र्याचं तोंड आठवायचं. आणि दवाखान्यातले तुमचे हात. चंदेरी रंग लागलेले. आईच्या कपाळावर तुम्ही हात ठेवला तेव्हा तिथे चंदेरी बोटं उमटली, आणि मला वाटलं की तुम्ही तिथेसुद्धा कामावरच आहात.

विश्वास ठेवायला फार वर्षं लागली. गेल्या वर्षी एका स्टुडिओत मी स्वतः तसलं एक डोकं घालून बघितलं. खरंच काही ऐकू येत नाही. मी आत उभी राहून खूप रडले, आणि तेही बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. त्या दिवशी नववा भाग सुचला. बाकीची मालिका त्याच्यासाठी लिहिली म्हणा ना.

आठ भागांवर मालिका थांबवली आहे, नववा जानेवारीत लागेल; त्याचं शूटिंग डिसेंबरात कोल्हापुरातच आहे. डबडेरावच्या आत कुणालातरी उभं राहायचंय. तुमचे गुडघे चालत असतील तर तुम्ही या. नाहीतर नुसते बघायला या.

दीप्ती

०

उचगाव
३० नोव्हेंबर २००६

दीप्ती,

तुजं पत्र येऊन म्हयना होत आला. तुला वाटत असंल, बोलावलं तर म्हातारा भाव खातोय. तसं न्हाय. ह्या म्हयन्यात चार पत्रं लिवली आन चुलीत घातली. एकात लिवलंतं, येतो. दुसऱ्यात लिवलंतं, गुडघं दुखत्यात. दोन्ही खोटंच.

परवा दोन तारीख. मीनाला तेरा वर्सं हुत्यात. त्येच्या आदी हे पत्र टाकायचंच.

गप वाचून घे. मधीच फाडू नगंस.

मला ऐकू आलंतं.

डोस्क्यात आवाज बारका येतोय हे खरं हाय. इस्पंजाचं खरं, जाळीचं बी खरं. तू घालून बगितलंस ते बरोबरच हाय, पण तुला मुंबईच्या परक्या माणसाचा आवाज आला न्हाई. तुजा आवाज मला जत्रंत बी कळायचा. त्या चाळीस पोरांतलं येकबी मला आबा म्हणत न्हवतं, सगळी डबडेराव, डबडेराव वरडत हुती. तू म्हणलीस, "आबा, आईला दवाखान्यात नेलंय. तुमाला बोलवलंय तिनं." सगळं ऐकलं. आज बी ऐकू येतंय.

आन तू बगितलं न्हाईस, पण आकाराम माज्या उजव्या हाताला दोन पावलांवर हुबा हुता. पाना त्येच्या हातातच हुता. मी नुस्ती मान हालीवली असती तरी त्येनं चार बोल्ट काढलं असतं. दोन मिन्टाचं काम.

मी मान हालीवली न्हाई.

का न्हाई, ते तेरा वर्सं मी स्वताला इच्यारतोय. एक तर तुज्या आईचा दमा. म्हयन्यातनं दोनदा दवाखाना, वाफ घेतली की संध्याकाळी घरात, आन आल्या आल्या मलाच म्हणायची, चहा टाका. मला वाटलं, तसंच असंल. हे खरं हाय, पण एवढंच न्हाय. 'तुमाला बोलवलंय' असं ती आदी कवाच म्हणली न्हवती. ते मला तितंच खटाकलं. खटाकलं आन मी ते बाजूला सारलं.

दुसरं सांगतो, ते लाजंचं हाय. ती पोरं मोठ्या साळंची हुती. बाई संगं आलत्या. मी शटर करणारा माणूस. ज्या घरांची शटरं केली त्या घरात मला पाणी मागून प्यावं लागायचं, काही ठिकाणी वरनं वतायचं. आन त्या घरातली पोरं माज्याभवती नाचत हुती, माज्या पत्र्याला हात लावायला रडत हुती. तू म्होरं येऊन बोललीस तवा ती सगळी माज्याकडं बगाय लागली, की डबडेराव आता काय म्हणतोय. मला त्यो हशा पायजे हुता, दीप्ती. एकदा अजून. मी म्हणलं, "पावती दाखवा, पावणं." आन आला. लई मोठा हशा आला. रिबीन सुटलेली, तू तशीच पळत गेलीस, ते बी मला जाळीतनं दिसलं.

त्येच्या म्होरं मी अजून दीड तास काम केलं. कुणी सांगितलं न्हवतं. महावीरशेठला म्हाईत असतं तर त्येनं लाथ घालून मला घालवलं असतं. दवाखान्यात पोचलो तवा मीना गेलेली, आन तू माज्या हाताकडं बगत हुतीस. मीनाच्या जलदानविधीच्या दुसऱ्या दिशी परत कामावर गेलो, कारण घरात तू काय बोलंना झालीस आन मला त्या डोस्क्यात बसलेलं बरं वाटत हुतं. मग तूच आक्काबरोबर गेलीस.

आक्काला बैरेपणाचं सांगितलं ते त्याच आठवड्यात. एकदा तोंडातनं गेलं, मग तेच बोलत राह्यलो. मला बी एकच वाक्य येत हुतं.

आता तू म्हणशील, तेरा वर्सं गप बसला, तर आताच का? नववा भाग हून जाऊ दिला असता, तारानं पत्र्याला डोस्कं टेकलं असतं, मी आत हुबा राहून रडलो असतो, कुणाला काय कळलं नसतं. सगळं गोडच हुतं की! मी बी म्हयनाभर ह्योच इच्यार केला. लई मोह झाला, लपवत न्हाय. मला पोरगी परत मिळत हुती आन त्यासाठनं मला फक्त गप बसायचं हुतं.

पण आदीची शिरेल कशी हुती? पावणा पडायचा, त्येला लागायचं न्हाई. हशा झाला की उटून चालायला लागायचा. लबाडीच हुती ती, पण पोरांसाठनं हुती, चालून जायची. तू आता त्यात लागलेलं दाखवाय लागलीस. मिशीनवाला खाली बसला तर बसलाच. झुंबरबाई चाळीस वर्सांनी बोलली ती त्यामुळंच. मग तसल्या शिरेलीत मीच खोटं घालू व्हय? तारा मिस्त्रीण हून आली, आन आत तारा तुटलेल्या! लोकांना बरं वाटंल. पण तुजी आई बोलवत हुती आन मी गेलो न्हाई, त्येचं काय? तिचं बोलावणं कुणाच्यातरी कानात पडलंतं, दीप्ती. ते वाया गेलं म्हणून नगंस लिवू. पोचलं हुतं. तू पोचीवलं हुतंस. तुजं काय चुकलं न्हाई, तू अजून मोठ्यानं बोलाय पायजे हुतीस आसं बी न्हाई. आक्का म्हणली, तू ल्हानपणी सारखी तेच इच्यारायचीस, मी बारीक बोलले का म्हणून. हे ऐकल्यावर मग मला गप बसवंना.

तर त्येच्या तारा तोडू नगंस. त्येला ऐकू येत हुतं आसं लिव. मग तारानं काय करायचं ते तुजं तू ठरीव. हातोडा घातला तरी माजं काय म्हणणं न्हाय.

सूट तयार हाय. अनेकांतला टेंपो घिऊन धाडून दे. त्यात एक बदल केलाय, तेवढा सांगतो. चार बोल्ट काढून टाकलं, भोकं बुजीवली. मागं बिजागरी मारली आन आतल्या अंगाला, हनुवटीपाशी, एक खिट्टी बसिवली. तीन दिस लागलं, गुडघ्यावर धरून घासाय लागलं, आता डोळं पयल्यागत न्हाईत. पण येकदम भारी बसलीया. बोटानं दाबली की डोस्कं मागं पडतंय. आता ते आतनं निघतंय.

हे तेरा वर्सांमागं बी करता आलं असतं. सुचलं न्हाई म्हणायचो मी.

बोलावलंस तर आत बसून येतो. न्हाई बोलावलंस तर सूट एकटा यील, दुसरं कुणीबी आत हुबं राहू दे, त्येला गुदमरायचं न्हाई एवढं बगितलंय. पण बोलावलंस, तर माजी एकच मागणी हाय. कॅमेरा चालू असू दे न्हाईतर बंद, एकदा माज्याम्होरं हुबी ऱ्हा आन तेच बोल. मी काय म्हणायचं ते कागदावर लिवू नगंस. ते मला ठावं हाय.

तुजा
आबा

०

नक्षत्र नाका – भाग ९
शूटिंगचं वेळापत्रक, १४ डिसेंबर २००६
स्थळ : कोल्हापूर. वेळ : सकाळी ९

दृश्य १४, बदललेलं. जुने कागद फाडून टाकावेत. कानाच्या तारांचा भाग काढला आहे. डबडेरावला ऐकू येतं.

दृश्य १५, नवीन. संवाद लिहिलेले नाहीत.

कलाकार :
तारा (लहान) – ठरल्याप्रमाणे
तारा (मोठी) – दृश्य १४ ठरल्याप्रमाणे, दृश्य १५ लेखिका स्वतः
डबडेराव – श्री. बाबासो, उचगाव. गाडी सकाळी ८ ला घरी.

(खाली पेनानं लिहिलेलं)

आबा,

तुमचं पत्र वाचून चार दिवस मी कागदाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी दृश्य बदलायला बसले. माफ केलं असं समजू नका, ते मला अजून माहीत नाही. पण मी बारीक बोलले नव्हते, हे तुम्ही सांगितलंत. ते दुसरं कुणी सांगू शकत नव्हतं.

मी तिथे उभी राहीन आणि तेच बोलेन.

पाना आणू नका.

दीप्ती